खोट्या गटातले अप्पा

"तुमी पाय दाबून देता का हो?" असं कुणी विचारलं की आजही माझं डोकं फिरतं. पाय दाबणं वेगळं आणि रिफ्लेक्सॉलॉजी वेगळी, हे सांगून सांगून माझी जीभ दुखली. पाय तर सूनही सासूचे दाबते. पण आता अडचण अशी झाली आहे, की त्या दोन्हींतला फरक नेमका काय, हे मलाच पूर्वीसारखं छातीठोकपणे सांगता येत नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव मागितले तेव्हा आधी मी नाही म्हणालो, ते त्यामुळेच. अनुभव आहेत, भरपूर आहेत. त्यांचा अर्थ मात्र लागत नाही. तेव्हा वाचणाऱ्यानं अर्थ माझ्याकडं मागू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझी सगळी नोकरी परभणीच्या एका दवाखान्यात गेली. फिजिओथेरपीच्या खोलीत मदतनीस. दिव्याचा शेक द्यायचा, गरम मेण गुडघ्यावर चढवायचं, लकवा झालेल्या माणसाची मिटलेली बोटं एकेक करून उघडायची. डॉक्टर सांगणार आणि हात माझे चालणार. रिटायर झालो तरी हात काही गप्प बसेनात. मग पुण्याला जाऊन रिफ्लेक्सॉलॉजीचा कोर्स केला आणि सेलूला घराच्या पुढच्या खोलीत पाटी लावली.

बायको म्हणाली, "जंगमानं लोकांच्या पायाला हात लावायचा, हे बरं दिसतं का?"

"दवाखान्यात काय करत होतो मग?"

"तिथं अंगावर युनिफॉर्म होता," ती म्हणाली.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आम्ही जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित म्हणा. बारशापासून मर्तिकापर्यंत त्यांच्या घरी जंगम लागतो. लोक आम्हाला 'स्वामी' म्हणतात आणि आमच्या पाया पडतात. म्हातारा माणूससुद्धा आमच्या घरातल्या शेंबड्या पोराच्या पाया पडतो. माझ्या वडिलांनी हे सगळं जन्मभर केलं. मला त्यातलं काही जमलं नाही, आवडलंही नाही. लोकांनी डोकं टेकवावं असं मी काय केलंय, या विचारानं मला कानकोंडं व्हायचं. दवाखान्यात शिरलो तो त्यातून सुटायलाच.

आता आमचं शास्त्र. त्याला शास्त्र म्हणायचं की नाही, याचं रडगाणं पुढं येणारच आहे. तळपायावर अख्ख्या शरीराचा नकाशा असतो, असं आमची मंडळी मानतात. अंगठ्याच्या पोटात डोकं, चवड्यात छाती, मधल्या खोलगट भागात पोट, टाचेत कंबर, आणि पायाच्या आतल्या कडेनं पाठीचा कणा. शरीरात जिथं बिघाड, तिथली पायावरची जागा दुखते. ती दाबली की बिघाड हटतो. दाबायचं ते अंगठ्यानं. नखं बुडापासून कापलेली हवीत. अंगठा वाकवायचा, सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा, पानावर अळी सरकते तसा पुढं न्यायचा. तेल लावायचं नाही आणि घाई करायची नाही. पाय हातात आला की माणूस आपोआप बोलायला लागतो, हे मात्र कुठल्याही नकाशात नाही, ते मी अनुभवानं सांगतो.

गंगाखेडला साखर कारखान्यावर ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला आला होता. शुगरचा पेशंट, पाय बधिर. माझा अंगठा त्याच्या चवड्यावर अडला. बाभळीचा काटा आत मोडून बसला होता आणि वरून कातडी आली होती. मी विचारलं, "दुखत नाही का रे?" तो म्हणाला, "काय दुखायचंय स्वामी, मला पायच न्हाईत असं वाटायलंय." त्याला मी त्याच पावली दवाखान्यात पाठवलं. काटा निघाला, पाय वाचला. आणि गडी गावभर सांगत सुटला, की स्वामीनं अंगठ्यानं शुगर ओढून काढली. मग माझ्या दारात शुगरवाल्यांची रीघ लागली. गोळ्या बंद करू नका, म्हणून मी प्रत्येकाच्या अंगावर ओरडायचो. ऐकतंय कोण?

दुसरे एक मुख्याध्यापक. अख्खी शाळा त्यांना टरकून असायची. चवड्याला माझा अंगठा लागला की हे पोरासारखे खिदळायचे. त्यांची पाठदुखी होती तशीच राहिली, पण दर आठवड्याला येत राहिले. मी एकदा वैतागून म्हणालो, "गुरुजी, गुण येत नाही तर येता कशाला?" ते म्हणाले, "आठवडाभरात हसायला दुसरी जागाच नाही हो." आता हे माझं यश धरायचं की अपयश, ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

अशातच वैशाली मॅडम आल्या. जिंतूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शिकून डॉक्टर झालेली आणि आता पीएच.डी. करणारी. आल्या त्या चप्पल काढून सरळ भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या राहिल्या.

"काका, हे खरं आहे का?"

"लोकांना विचारा," मी म्हणालो.

"लोकांना विचारलं. ते हो म्हणतात. ताईतालाही हो म्हणतात. मला मोजून बघायचंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मनात म्हटलं, बघू दे मोजून. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला जन्मभर 'जरा तो पाय धर' म्हणून बोलावलं. एकदा या कामावर विज्ञानाचा शिक्का बसला की बघून घेऊ सगळ्यांकडं. मी हो म्हणालो.

अभ्यास झोपेचा होता. वालूर आणि आसपासच्या गावांतली, झोप न येणारी माणसं गोळा केली. वालूरला एक बंद पडलेली खोली झाडून घेतली, एक खुर्ची, एक स्टूल. चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट केले. खऱ्या गटाच्या पायावर झोपेच्या खऱ्या जागा दाबायच्या. खोट्या गटाच्या पायावर, झोपेशी ज्यांचं काही नातं नाही अशा जागा दाबायच्या. वेळ तेवढाच, जोर तेवढाच, माझा चेहराही तसाच. कोण कुठल्या गटात, ते दाबणाऱ्याला, म्हणजे मला, माहीत. ज्याचे पाय त्याला माहीत नाही. झोपेची विचारपूस करणाऱ्या मुलीला माहीत नाही. मॅडमनासुद्धा शेवटापर्यंत माहीत नाही.

"एवढी लपवाछपवी कशाला?" मी विचारलं.

"माणूस आशेनंही बरा होतो, काका. आणि आपलं औषध लागू पडलेलं बघायची डॉक्टरला हौस असते. दोन्ही बाजूला ठेवायला नको का?"

"मग दोन्ही गट सारखेच झोपले तर?"

"तर तुमच्या जागांमध्ये काही नाही."

"आणि दोन्ही सारखेच जागे राहिले तर?"

"तरी तेच," मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

सगळ्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, की दोन प्रकार आहेत, तुम्हाला कुठला मिळतोय ते आत्ता कळणार नाही, अभ्यास संपला की सांगू. खोट्या गटातल्यांना हवं असेल तर नंतर खरा इलाजही मिळेल. लोकांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. त्यातलं किती कुणाच्या डोक्यात शिरलं, देव जाणे. प्रत्येकाच्या मनगटाला एकेक पट्टा बांधला. माणूस रात्री किती हलतो यावरून तो झोप मोजतो म्हणे.

खोटं दाबणं लय अवघड, हो. अंगठ्याला वळण पडलेलं असतं. तो आपसूक खऱ्या जागेकडं सरकायचा, आणि मी त्याला चरायला सुटलेल्या वासरासारखं मागं ओढून आणायचो. वरून मॅडमची ताकीद, बोलायचं कमी. आता समोरचा माणूस पाय मांडीवर देऊन आपल्या घरची उणीदुणी सांगतोय, आणि मी नुसतं हं हं करायचं. माझ्या स्वभावाला ते झेपणारं नव्हतं.

त्या माणसांत महालिंगअप्पा होते. वालूरचे लिंगायत, किराणा दुकानात हयात गेलेली. दुकान आता मुलगा बघतो. अप्पा माझ्यापेक्षा बरेच मोठे, अंगानं शेलाटे, कपाळावर भस्माचे पट्टे. डोळ्यांखाली काळं पडलेलं. रात्रभर ओसरीत बसून राहायचे. गोळ्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी झोकांड्या जायच्या, म्हणून त्या सोडलेल्या. चिठ्ठी निघाली ती खोट्या गटाची.

पहिल्या दिवशी मी पायाकडं हात नेला तर त्यांनी पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"शिवा शिवा. स्वामी, तुमी न् माझ्या पायाला हात लावणार?"

"इलाज आहे अप्पा. डॉक्टर नाही का लावत?"

"डॉक्टर जंगम असतो का?"

मी खूप समजावलं. शेवटी त्यांनीच तोड काढली. "एक करू. तुमी इलाज करा. झाल्यावर मी तुमच्या पायावर डोकं ठिवीन. फिट्टंफाट." मला ते नको होतं, पण नाही म्हटलं असतं तर माणूस उठून गेला असता. मग रोज तसंच व्हायचं. दाबून झालं की अप्पा खुर्चीवरून उतरायचे, टोपी काढायचे, आणि मी स्टुलावर बसलेलो असताना माझ्या दोन्ही पावलांवर डोकं टेकवायचे. लवकर उठायचे नाहीत. मी अवघडून छताकडं बघत बसायचो.

आणि अप्पा झोपायला लागले. आधी थोडे, मग रात्र रात्र. त्यांची सून सुनंदा खोलीच्या दारापर्यंत येऊन सांगून गेली, "स्वामी, अप्पा घोरायलेत. भिंतीपलीकडं आयकू येतंय." अप्पांच्या डोळ्यांखालचं काळं ओसरलं. या माणसाच्या पायावरच्या खऱ्या जागेला माझा अंगठा एकदाही लागलेला नव्हता.

त्यात पट्ट्याचं म्हणणं भलतंच. पट्टा सांगायचा, अप्पांच्या झोपेत फारसा फरक नाही. त्या विचारपूस करणाऱ्या मुलीनं भाबडेपणानं त्यांना ते सांगून टाकलं. अप्पा म्हणाले, "त्या पट्ट्याला काय कळतंय? मी झोपलो, त्यो जागा व्हता." मी हे मॅडमना सांगितलं. म्हणालो, आता झोप कुणाची धरायची, माणसाची की पट्ट्याची? त्या म्हणाल्या, "काका, दोन्ही लिहायचं." म्हणजे गोंधळ मिटवायचा नाही, नीट लिहून ठेवायचा.

अभ्यास संपला. मॅडमनी गट उघडले, हिशेब मांडला आणि एके दिवशी मला देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात चहाला बोलावलं. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"दोन्ही गट थोडे थोडे सुधारले, काका. सारखेच. फरक म्हणावा असा नाही."

"म्हणजे मी जन्मभर... बरं, रिटायर झाल्यापासून जे केलं, ते काय?"

"लोकांना बरं वाटलं ना? ते खोटं नाही. पण ते त्या जागांमुळं, असं मला लिहिता येणार नाही. बाहेरही असल्या अभ्यासांतून बहुतेक असंच निघालंय."

मी चहा तसाच ठेवून उठलो. रागानं नव्हे. खरं सांगायचं तर मला रडू यायला लागलं होतं, आणि फाट्यावर जिंतूरची गाडी लागल्यामुळं माणसं फार होती.

ज्याला त्याला त्याचा गट सांगायचं ठरलेलंच होतं. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. खोट्या गटातला एक शेतकरी म्हणाला, "खोट्यानं झोप लागली तर खऱ्याची गरज काय हाय?" आणि सोयाबीन काढायला निघून गेला. अप्पांकडं जायला मात्र माझे पाय उचलेनात. मी मॅडमना म्हणालो, "यांना नका सांगू. माणूस झोपतोय, झोपू द्या."

"मी शब्द दिलाय, काका. आणि दुसरं असं, की उद्या त्यांना हे बाहेरून कळलं तर?"

आम्ही दोघं वालूरला गेलो. अप्पांनी दारातच टोपी काढली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. नेहमीसारखं, बराच वेळ. मॅडम बघत राहिल्या.

"हे रोज व्हायचं का?"

"रोजच की," मी म्हणालो.

"दाबून झाल्यावर? दर वेळी?"

"जे लिंगायत होते, ते सगळेच पाया पडायचे. बाकीचे राम राम करून जायचे."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"पाया पडणं काय सांगायची गोष्ट आहे का, मॅडम? उद्या म्हणाल, उंबरा ओलांडला ते का नाही सांगितलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. किती मिनिटं दाबलं, किती जोरानं, खोली गार होती की गरम, सगळं मी त्यांना सांगत आलो होतो. हे तेवढं माझ्या डोक्यातच आलं नाही. लहानपणापासून लोक माझ्या पायावर डोकं ठेवतायत. मला ते दिसेनासंच झालं होतं.

मग त्यांनी अप्पांना समजावून सांगितलं. चांगलं, सोप्या भाषेत, त्यांचा हात हातात घेऊन. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे स्वामीनं माझ्या पायावर जे केलं, त्यो इलाजच नव्हता?"

"तुलना करायला तसा गट लागतो, अप्पा."

"अन् मला झोप लागली ती?"

"ती तुमची तुम्हालाच लागली."

अप्पा माझ्याकडं वळले. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "इलाज म्हणून मी जंगमाचा हात माझ्या पायाला लागू दिला, स्वामी. इलाजच नव्हता तर मंग हे पाप कशापायी घेतलं मी?"

मी पाप-बिप मानत नाही. तसं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मिटलं. सुनंदानं केलेला चहा आम्ही कसाबसा घशाखाली घातला.

पुढं काही दिवसांतच तिचा फोन आला. "स्वामी, अप्पाला झोपच यायली न्हाई. रातभर ओसरीत बसून राहायलेत. आदीपेक्षा वंगाळ झालंय." मी तो राग मॅडमवर काढला. फोनवर नाही नाही ते बोललो. खरं सांगून काय मिळवलंत, म्हणालो. तुमचं विज्ञान रात्री येऊन ओसरीत बसणार आहे का त्यांच्याजवळ, असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"काका, मलाही झोप नाही आली ते ऐकून. पण खोट्यावर ठेवायचं त्यांना? किती दिवस?" मग म्हणाल्या, "त्यांना खऱ्या जागांचा इलाज द्यायचं आपण कबूल केलंय. तो द्या. फक्त या वेळी पाया पडणं नको. माझ्या प्रबंधासाठी नाही म्हणत, तो झाला लिहून. निदान त्या जागांत काही आहे का, ते आपल्या दोघांना तरी कळेल."

मला पटलं. मलाही बघायचंच होतं ना. माझा अंगठा, खऱ्या जागा, आणि मध्ये दुसरं काही नाही. अप्पा तयार होईनात, पण या वेळी नक्की इलाज आहे म्हटल्यावर आणि सुनंदानं गळ घातल्यावर हो म्हणाले. पाया पडायचं नाही, हेही त्यांनी डॉक्टरचं पथ्य म्हणून मानलं. मी त्यांच्या घरी जायला लागलो. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं कसब ओतलं. अंगठ्याचं पोट, अंगठ्याचा बुंधा, चवड्याखालचा खळगा, एकेक जागा पुण्याच्या कोर्समधल्या बाईंनी शिकवली तशी, नकाशात आहे तशी. असं काम मी कुणाच्याच पायावर केलं नसेल. एखाद्यानं बघितलं असतं तर वाहवा केली असती.

अप्पा डोळे टक्क उघडे ठेवून आढ्याकडं बघत पडून राहायचे. पहिल्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशीही तसंच. सकाळी सुनंदाचा फोन, "न्हाई स्वामी." दिवसेंदिवस अप्पा खंगत चालले. एकदा पायरीवर तोल गेला, थोडक्यात वाचले. आता त्यांना एकटं सोडायचं नाही असं घरात ठरलं, म्हणजे मुलगा दुकानात आणि सून दिवसभर त्यांच्या मागं. मॅडमनी ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, पण अप्पा गोळ्यांना हात लावायला तयार नव्हते.

खोट्यानं झोपणारा माणूस खऱ्यानं जागा राहतोय. मी सेलूच्या गाडीत बसून हाच एक विचार करायचो. जागांत काही नाही म्हणावं, तर इतक्या लोकांना बरं वाटलं ते काय? पाया पडण्यात होतं म्हणावं, तर तो सोयाबीनवाला शेतकरी कधी माझ्या पाया पडला नाही, तरी ढाराढूर झोपला. आशेत होतं म्हणावं, तर आशा आत्ता या घडीला जास्त आहे, अप्पांनाही आणि मलाही. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

त्या दिवशी ऊन उतरत आलं होतं. मी ओसरीत त्यांचा पाय मांडीवर घेतला, अंगठा लावला, आणि अप्पा म्हणाले, "थांबा स्वामी. माझा भाऊ कसा गेला तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"करोनात गेला. करोनानं न्हाई, झोपेत गेला. रातीला चांगला जेवून झोपला अन् सकाळी उठवायला गेलो तर गार. सगळं बंद. गावातले स्वामी तापानं फणफणलेले, बाहेरून कुणी येऊ शकंना. जंगम घावलाच न्हाई. त्याच्या डोक्याला पाय लागला न्हाई हो. तसाच मातीत ठिवला आमी त्याला."

हे नीट सांगायला हवं. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवतात, आणि पुरण्याआधी जंगम आपला पाय त्याच्या डोक्यावर ठेवतो. मग तो शिवाला मिळाला असं मानतात. माझे वडील या कामाला किती घरी गेले असतील, मोजदाद नाही. मी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. ते बघून जो पळालो, तो थेट परभणीच्या दवाखान्यात जाऊन थांबलो म्हणा.

"तवापासून डोळा लागला की दचकून उठायलोय," अप्पा सांगत होते. "वाटतं, आपण बी असंच झोपेत जाणार, अन् तवा बी जंगम घावायचा न्हाई. मंग तुमी आलात. पाप फिटावं म्हणून मी डोकं टेकवायलो. पर टेकवलं की लय निवांत वाटायचं. जंगमाचा पाय डोक्याला लागलाय आज, आता रातीला कायबी होऊ दे, असं वाटायचं. तवा मला ते कळलं न्हाई. आता ह्या जागरणात कळलं."

या माणसाचे पाय इतके दिवस माझ्या मांडीवर होते. माणूस पाय दिला की बोलतो, असा माझा तोरा. आणि हे मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"मग पडा की पाया," मी म्हणालो. "मॅडमना मी बघून घेतो."

"न्हाई स्वामी. नुस्तं डोकं टेकवून आता भागणार न्हाई. आता मला समजलंय आपण काय करायलाव ते." ते उठून खाली बसले, मांडी घातली, टोपी काढून बाजूला ठेवली. "ठिवा पाय."

मी मागं सरकलो. जिवंत माणूस समोर बसलेला. मी म्हणालो, "अप्पा, मी हे कधी केलेलं नाही. मला मंत्र येत नाहीत."

"पाय हाय न्हवं?"

सुनंदा दारात उभी होती. ती आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या पायावर घातलं. मला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि वडील आठवत होते. मी खांबाला धरलं आणि पाऊल त्यांच्या डोक्यावर अलगद टेकवलं, लागू नये असं.

"जड ठिवा," अप्पा म्हणाले.

मी भार दिला. त्यांचे बारीक कापलेले केस तळव्याला टोचत होते, टाळू गरम होती. त्यांनी सावकाश श्वास सोडला. किती वेळ तसा उभा होतो, मला सांगता येणार नाही.

मग अप्पा उठले, खाटेवर आडवे झाले, मी पायथ्याशी बसलो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन दोन्ही पाय माझ्या मांडीवर दिले. डोळे मिटून घेतले होते.

"आता दाबा, स्वामी."

मी अंगठा वाकवला आणि तिथंच थांबलो. "कुठल्या जागा दाबू, अप्पा?"

"कुठंबी," ते म्हणाले.